मामाची मांडी

आमच्या घरातल्या पुरुषांना एकच काम मनापासून जमायचं, ते म्हणजे ओट्यावर बसणं. भोसरीच्या ज्या जमिनीत आजोबांनी बाजरी आणि हुलगे काढले ती कारखान्यांसाठी गेली, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे बैलांबरोबर माणसांनीही मानेवरचं जू खाली ठेवलं. सकाळचा चहा झाला की अण्णा लोखंडी खुर्ची ओट्याच्या उजव्या अंगाला ओढून बसायचे आणि तात्या पायरीवर पाय सोडून. अण्णा माझे वडील आणि तात्या त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलते. निदान वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी तसंच धरून चाललो होतो. समोरच्या उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या शेड होत्या. त्यांत परगावची पोरं दिवसभर पॉवर प्रेस चालवायची आणि प्रेसचा दणका बसला की आमच्या मांडणीवरच्या पितळ्या थरथरायच्या. आल्यागेल्याला अण्णा सांगायचे की बघा, आमच्या जमिनीत अजून केवढी ताकद आहे. बीड-लातूरकडची ती पोरं बारा-बारा तास उभी असायची, ताकद त्यांची होती. पण अण्णांना हे सांगणार कोण?

अण्णांबद्दल लिहिताना माझी लेखणी अजूनही वाकडी चालते, हे मला ठाऊक आहे. मुलगा म्हणतो, बाबा, आता गेलेल्या माणसांना सोडा. सोडलं असतं, पण ती माणसं गेली कुठे? चौकातल्या फ्लेक्सवर बघावं, माझा चुलतभाऊ दत्ता गळ्यात बोटाएवढी साखळी घालून हात जोडून उभा आहे, खाली पंधरा पोरांचे फोटो आणि वर 'भाऊंना वाढदिवसाच्या लक्ष लक्ष शुभेच्छा'. ओट्याचा तेवढा फ्लेक्स झाला, बसणं तेच.

घर चालायचं ते दोन बायांवर. थोरली म्हणजे माझी आई, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. तिचं माझ्यावरचं प्रेम लोक जमले की उतू जायचं. हळदीकुंकवाला बाया आल्या की मला हाताला धरून आणायची, 'माजा सुरेश' म्हणायची आणि सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची. बाया गेल्या की तिचं डोकं दुखायला लागायचं. धाकटी म्हणजे काकी, तात्यांची बायको, दत्ताची आई. सुकलेल्या शेंगेसारखी बाई. पहाटे चुलीपाशी बसली की दुपारपर्यंत तिथून हलायची नाही. तिनं मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी शाळेतून आलो की ती आतूनच म्हणायची, 'थोरल्या बाईंचा आला, ताट घ्या.' मला कधी जवळ घेतलं नाही, पडलो तर उचललं नाही. वाढताना दत्ताला आधी, मला शेवटी. आणि सगळ्यांच्या कालवणावर हिरवीगार कोथिंबीर असताना माझ्याच वाटीत ती नसायची. मला वाटायचं, या बाईला माझ्या ताटात एक पान टाकणंही जिवावर येतं. पोर मोठं होताना जशी उंची वाढते तसा माझ्या मनात काकीचा तिटकारा वाढत गेला. तिच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे मात्र मी दोन-दोन वाट्या ओरपायचो. हुलग्याच्या पिठाची वळी तळहातावर फिरवून ती अशी सरसर सोडायची की बघत राहावं. लसणाचा तो वास ओट्यापर्यंत यायचा आणि ओट्यावरचे दोघेही न बोलावता आत यायचे.

आमच्या घराला दोन आजोळं होती. आईचे भाऊ खेडकडचे, मोठे बागायतदार, पण आमच्याकडे त्यांचं येणंजाणं बंद होतं. कुठल्याशा कार्यात त्यांना फेट्याऐवजी टॉवेल-टोपीवर भागवलं, म्हणून ते रुसले ते कायमचे, असं आम्हांला सांगितलेलं. मानपानावरून रुसणं आमच्याकडे इतकं चालायचं की यात कुणाला काही खोटं वाटलं नाही. काकीचा भाऊ दापोडीचा, मारुती मामा. रेल्वेलाइनीच्या कडेच्या गल्लीत एका खोलीत राहायचा, कुठल्याशा वर्कशॉपात कामाला होता. भाऊबीजेच्या आधी सायकलवरून बहिणीला न्यायला यायचा. दांड्याला रेवड्यांची पुडी बांधलेली. ती पुडी तो आधी माझ्या हातात द्यायचा आणि मग दत्ताकडे बघायचा. अण्णा त्याला ओट्याखालीच उभं ठेवून बोलायचे, म्हणून मीही त्याला कधी नीट 'मामा' म्हटलं नाही. रेवड्या खायच्या आणि पाठ फिरली की त्याच्या झिजलेल्या चपलांची नक्कल करायची. ते शिकवायला मला कुणाची गरज पडली नाही.

आता जावळाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. आमच्याकडे पोराचं पहिलं जावळ कुलदैवतापुढे काढतात आणि ते काढताना पोर बसतं ते मामाच्या मांडीवर. बापाच्या नाही, चुलत्याच्या नाही. मामा नसेल तर आईच्या भावकीतला कुणी मानून आणतात, पण मांडी आईच्या माहेरचीच लागते. बाहेरच्या खोलीत दत्ताच्या जावळाचा फोटो चौकटीत लावलेला होता: दत्ता बोंबलतोय, न्हाव्यानं वस्तरा वर धरलाय आणि मारुती मामा नवी टोपी घालून अवघडून बसलाय. माझा तसा फोटो नव्हता. विचारलं की आई म्हणायची, फोटोवाल्याचं रीळ जळालं. लहानपणी मला त्या फोटोवाल्याचा फार राग यायचा.

एकोणीस वर्षांचा झालो तेव्हा कंपनीचा कॉल आला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या माणसाला नोकरीत घेताना विचार व्हायचा आणि त्यासाठी दाखला असायचा. घरात असे दोन दाखले होते, एक अण्णांच्या नावचा, एक तात्यांच्या. तात्यांच्या दाखल्यावर दत्ता आधीच लागला होता आणि कार्ड पंच करायचा कंटाळा येतो म्हणून सात महिन्यांत सोडून ओट्यावर परतलाही होता. अण्णांच्या दाखल्यावर मी. मुलाखतीला पासपोर्ट फोटो हवे होते, म्हणून मी पिंपरी कॅम्पातल्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. दुकानदार सिंधी, म्हातारा, आमच्या गावातल्या सगळ्या लग्नांना पूर्वी तोच यायचा. माझा पत्ता लिहून घेताना अण्णांचं नाव ऐकून तो हसला. म्हणाला, तुमच्या घरचं काम मी पुष्कळ केलं आहे, आणि फोटो धुऊन होईपर्यंत बघत बस म्हणून त्यानं कामाच्या नमुन्यांचा अल्बम माझ्यापुढे सरकवला.

पाचव्या-सहाव्या पानावर आमचं सगळं घर होतं. देवळाचं आवार, भंडाऱ्यानं माखलेली माणसं, मध्ये मारुती मामा आणि त्याच्या मांडीवर अर्धं डोकं भादरलेलं, डोळे मिटून रडणारं पोर. मागे अण्णा, तात्या, आई. बाजूला खांबाला टेकून काकी. मला वाटलं, दत्ताच्याच जावळाचा दुसरा फोटो असेल. पान उलटणारच होतो. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात मला दत्ता दिसला. चार वर्षांचा, चड्डीची नाडी लोंबतेय, हातात खोबऱ्याचा तुकडा, आणि तो मांडीवरच्या पोराकडे बघून खदाखदा हसतोय. घरात पोरं आम्ही दोघंच. दत्ता उभा होता, म्हणजे मांडीवर मी होतो. आणि मांडी काकीच्या भावाची होती.

रीळ जळालं होतं का, एवढंच मी त्या म्हाताऱ्याला विचारलं. तो दुखावला. 'मेरा रीळ कधी जळला नाही,' तो म्हणाला. 'तुमच्या वडिलांनी एकच कॉपी घेतली, ती बी घडी घालून खिशात टाकली. इतना अच्छा फोटो. मी ठेवला मग.' मी मागितला तर त्यानं कोपरे सोडवून तो मला दिला. बसमध्ये उभ्यानं येताना मला खेडच्या मामांचा फेटा आठवला, आणि टॉवेल-टोपीची ती गोष्ट किती बनावट होती हे कळलं. त्यांची मांडी असताना दुसऱ्याची घेतली, म्हणून ते रुसले होते.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. रविवार होता, शेड बंद, म्हणून कधी नव्हे ती शांतता. सगळे हाताशी होते. अण्णा खुर्चीत, तात्या पायरीवर, दत्ता मोटारसायकल पुसत, आई तांदूळ निवडत आणि काकी उंबऱ्याच्या आत शेंगोळे वळत बसलेली. शेजारचे दोघं गप्पा हाणायला आले होते तेही ओट्यावर. मला थोडी जरी अक्कल असती तर मी फोटो खिशात ठेवला असता. पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं, आणि चार माणसं बघायला आहेत म्हणून उलट बरंच वाटलं. मी फोटो अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांना काही न विचारता सरळ उंबऱ्याशी गेलो.

'काकी, तू सांग,' मी म्हणालो. 'मी कुणाचा?'

तिचा हात थांबला. तळहातावर पिठाची अर्धी वळी तशीच. तिनं वर बघितलं ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे ओट्यावर. मग ती वळी पुन्हा फिरवायला लागली.

'थोरल्या बाईंचा,' ती म्हणाली.

त्या क्षणी मला तिची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कुणाची आली नसेल. बाकीच्यांनी फसवलं हे समजू शकत होतो, ते होतेच तसले. पण ही? स्वतःच्या पोटचं समोर उभं राहून विचारतंय आणि ही पीठ वळतेय. शेजारचे दोघं काम आठवल्यासारखे उठून गेले. अण्णा फोटो दूर धरून बघत होते आणि खरं सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं, झकास निघालाय म्हणून.

'ती काय सांगनार? म्या सांगतो,' अण्णा म्हणाले. 'जिमीन गेली तवा दोन भावांचे दोन दाखले निघनार व्हते. तात्याला दत्त्या व्हता. माज्या दाखल्याला वारस न्हवता. तू पोटात व्हतास तवाच ठरलं. दाखला काय वाया घालवायचा व्हता?'

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू माझ्यावर उपकारच केले होते. जन्माच्या नोंदीत अण्णांचं नाव लावलं, शाळेत तेच पुढे चाललं, आणि घरात सगळ्यांना तोंड आवरायला सांगितलं. पोरगं बोलून बसेल म्हणून मलाच अंधारात ठेवलं. तात्या, म्हणजे माझा जन्मदाता बाप, पायरीवरून म्हणाला की किसनाला नव्हत्या का दोन आया, त्याचं काय बिघडलं? कृष्णाला कंसापासून वाचवायला नेलं होतं, कंपनीत चिकटवायला नाही, हे उत्तर मला चार दिवसांनी सुचलं. दत्ता हसला. त्याला सगळं ठाऊक होतं असं नाही, पण हसायला त्याला काही ठाऊक असावं लागत नाही. आई तांदळाचं सूप बाजूला ठेवून रडायला लागली, म्हणाली, 'म्या काय कमी केलं रं तुला?' तिचं रडणं खरं होतं हे मला आज कळतं. त्या दिवशी मी तिच्याकडे हळदीकुंकवाचा आणखी एक कार्यक्रम म्हणून बघितलं.

मी अण्णांना एकच विचारलं. सगळीकडे खोटं लिहिलंत, सगळ्या गावाला गिळायला लावलंत, मग जावळाला खेडच्या मामांनाच का नाही बसवलं? तेवढं केलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं.

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

'देवाम्होरं?' ते म्हणाले. 'देवाम्होरं खोटी मांडी? येडा हायेस का तू?'

यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. मी हसलो होतो, मोठ्यानं, पण मला ते समजलं नव्हतं. या माणसांना साहेबाची भीती नव्हती, कागदाची नव्हती, पोराच्या मनाची तर नव्हतीच. देव मात्र जावळ बघतो, दाखले वाचत नाही, असा त्यांचा हिशेब होता. देवापुढे एकदा खरं बसवलं की पुढची सगळी वर्षं खोटं चालवायला मोकळे. धर्म म्हणतात तो आमच्याकडे एवढाच होता.

मुलाखतीला मी चालत गेलो. तासभराचा रस्ता, आणि सबंध रस्ता मी एकच वाक्य घोळवत होतो. साहेबानं वडिलांचं नाव विचारलं की तात्यांचं सांगायचं. दाखला पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, हा माझा नाही. मग बसा तुम्ही सगळे ओट्यावर. चष्मेवाल्या एका साहेबापुढे मला बसवलं. त्यानं कागद चाळत, मान वर न करता, वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. मी अण्णांचं सांगितलं. खणखणीत आवाजात, मधल्या नावासकट. बाहेर आल्यावर शिपायानं चहा दिला तोही प्यालो. त्या दिवसापर्यंत मी घरच्यांना तुच्छ मानू शकत होतो. त्यानंतरही मानतच राहिलो, पण त्यांच्यातलाच एक होऊन. पस्तीसहून जास्त वर्षं त्या दाखल्यावर भाकरी खाल्ली. कंपनी आता चाकणकडे गेली आणि जुन्या जागेवर फ्लॅट झाले, तरी ओळखपत्र मी जपून ठेवलंय. त्यावर अण्णांचंच नाव आहे.

पहिल्या पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी डबा घ्यायला चुलीपाशी गेलो. आई अजून उठली नव्हती, पुरुष उठण्याचा प्रश्नच नव्हता. काकीनं डबा फडक्यात बांधला. गाठ मारताना, चुलीकडे तोंड करून, ती बोलली.

'चार मान्सांत इचारलंस. चार मान्सांत म्या तेच सांगनार व्हते. येकदा येकटी असताना इचार.'

मी डबा घेतला आणि निघालो. गेटवरच्या भोंग्याला उशीर होत होता हे खरं, पण विचारायला किती वेळ लागला असता? दोन शब्द होते. मला ते तिच्याकडून मागून घ्यायचे नव्हते. तिनं आपण होऊन बाहेर यावं, ओट्यावर उभं राहून सगळ्यांपुढे सांगावं, मग बघू, असं माझ्या मनानं घेतलं होतं. जी बाई जन्मभर उंबऱ्याबाहेर बोलली नव्हती तिच्याकडून मी हे मागत होतो, आणि कंपनीच्या एका साहेबापुढे माझी स्वतःची जीभ अडली होती, हे मात्र सोयीनं विसरलो होतो.

पहिली पाळी साडेतीनला सुटायची. चारच्या सुमाराला मी घरी पोचायचो तेव्हा आई झोपलेली, ओट्यावरचे दोघं गावात गेलेले, आणि स्वयंपाकघरात काकी एकटी. ती ताट वाढायची, समोर बसायची, पदराच्या टोकानं जमीन पुसत राहायची. मी जेवायचो. प्रेसचे दणके चालू असायचे. वाटीत कोथिंबीर नसायची. लहानपणी कोथिंबिरीनं माझ्या अंगावर गांध्या उठायच्या आणि ही एकटी ते लक्षात ठेवून होती, हे मला पुढे पन्नाशीत मारुती मामाकडून कळलं. लग्न झालं, मुलं झाली, वेगळी चूल मांडली, तरी पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारचं ताट काकीकडेच असायचं. अशा दुपारी किती झाल्या असतील? ती बसलेली असायची आणि मी हात धुऊन उठायचो.

शेवटी तिला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रोज जायचो. पण वॉर्डात एकटी अशी ती कधी सापडली नाही. शेजारच्या खाटेची माणसं असायची, दत्ताची सून असायची, नर्स असायची. मी तिच्या पायाशी उभा राहायचो. ती माझ्याकडे बघायची, मग आजूबाजूच्यांकडे बघायची, आणि डोळे मिटून घ्यायची.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी केस काढायला बसलो. दत्तानं नुसती बट कापून घेतली; पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता आणि फ्लेक्सचा फोटो काढायचा राहिला होता. मी पूर्ण डोकं पुढे केलं. मारुती मामा, नव्वदीला टेकलेला, काठी घेऊन माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला होता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. न्हाव्यानं डोक्यावर पाणी मारलं आणि सहज विचारलं, म्हातारी तुमची कोण लागायची? आजूबाजूला भावकीतली चार माणसं होती.

'चुलती,' मी म्हणालो.